महानंदाची वेणी

सोलापूरला जाते आहे म्हटल्यावर पुण्यातल्या ओळखीच्या सगळ्यांनी मला चादरी आणायला सांगितल्या. काहींनी शेंगांची चटणीही सांगितली. पण तिथे जाऊन काय बघणार, असं एकानेही विचारलं नाही. तिथे बघण्यासारखं काही असेल हेच बहुधा कुणाच्या डोक्यात आलं नसावं. खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं नव्हतं. मी मूळची मालवणची. डोंगर नाही, माड नाही, पाणी नाही असा मुलूख दिसला की आमच्याकडची माणसं हळहळतात आणि 'कशी राहतात बिचारी' म्हणतात. मीही हळहळायच्या तयारीनेच निघाले होते.

निघायचं कारण मात्र चादरींपेक्षा मोठं होतं. मी मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागात संशोधन करते. ऑपरेशन मी करत नाही, ते आमचे सर करतात. माझं काम मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं आहे. एखाद्या नसेची भिंत कुठेतरी कमजोर होते आणि तिथे छोटासा फुगा येतो. तो असला तरी बरेचदा माणसाला पत्ता नसतो. फुटला की मात्र डोक्यात घण पडावा तशी कळ येते, आणि पुष्कळ माणसं त्यातून उठत नाहीत. काही घराण्यांत हे फुगे एकाहून जास्त जणांना असतात. अशी घरं शोधायची, रक्ताच्या नातेवाइकांचे स्कॅन करायचे आणि फुगा फुटायच्या आत त्याला गाठायचं, असा आमचा उद्योग आहे.

महानंदा ही अशाच एका घरातली. राहणार अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या शिवेला चिकटून असलेल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. तिची आई चुलीपुढे बसल्या बसल्या डोकं धरून कलंडली होती. दोन-अडीच वर्षांपूर्वी थोरली बहीण सुवर्णा गेली, फुगा फुटूनच. म्हणून आम्ही महानंदाचा स्कॅन केला, आणि तिच्या मेंदूत डाव्या बाजूला एक फुगा निघाला. न फुटलेला, पण मला मुळीच न आवडलेला. सरकारी योजनेत ऑपरेशन मंजूर झालं, तारीख मिळाली, आणि बाई आलीच नाही. दुसरी तारीख दिली, त्याही वेळी नाही. फोन केला की म्हणायची, "बघू की." मग तिने फोन घेणंच बंद केलं. रोज सकाळी विभागात गेले की मला तो स्कॅन आठवायचा आणि आज फुटला असेल का, असं वाटून जायचं. शेवटी सरांना म्हटलं, मी स्वतःच जाऊन तिला घेऊन येते. सर म्हणाले, "जा. पण भांडू नकोस." माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे.

मोहोळ

पुण्याहून हमरस्त्याने येताना सोलापूरच्या अलीकडे मोहोळ लागतं. तिथे आमचे एक जुने पेशंट राहतात, वसंतराव, एसटीचे निवृत्त कंडक्टर. यांची नस फुटली नव्हती, गुठळीने तुंबली होती. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं असंही नाही. आयुष्यभर रोज शेकडो वेळा म्हटलेली दोन वाक्यं तेवढी शाबूत राहिली: "चला, पुढं चला" आणि "सुट्टे द्या." मेंदूत सवयीच्या शब्दांची वाट निराळी असते, हे आम्ही पुस्तकात वाचतो. इथे ते बाजेवर बसून चहा पीत होतं.

वसंतरावांनी चहाचा घोट घेतला, आठी घातली आणि बायकोकडे बघून ठणकावून म्हणाले, "सुट्टे द्या!" कमलकाकू उठल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या.

"तुम्हाला कसं कळलं साखर हवी ते?" मी विचारलं.

"आवाजावरनं," काकू म्हणाल्या. "पानी पायजे असलं की बारीक म्हन्त्यात. रागावले की 'पुढं चला'. आता मला बी त्येच बरं वाटतंय. पयल्यांदा तरी कुटं गोड बोलत व्हते?"

वसंतराव हसले, तोंडाच्या एका बाजूने. मी काकूंना पहिल्या दिवसाचं विचारलं, कारण माणूस दवाखान्यात किती उशिरा पोचतो हाही आमच्या अभ्यासाचा भाग आहे. काकूंनी काही लपवलं नाही. सकाळी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. शेजारपाजारचे सगळे एकमुखाने म्हणाले, लकवा आहे, तेल लावणाऱ्याकडे न्या. जीप करून नेलं. तिथे रांग होती. तेल लावून, काढा पाजून परत आणेपर्यंत उन्हं कलली, आणि मग कुणीतरी दवाखान्याचं नाव काढलं.

"येळ ग्येली व्हय त्यात?" काकूंनी विचारलं.

व्हय, गेली होती. गुठळी विरघळवायच्या औषधाची वेळ त्या रांगेतच गेली होती. मला नेहमी अशा वेळी संताप येतो, पण तो काढायचा कुणावर? मालवणात माझ्या सख्ख्या काकाला आम्ही आधी देवळात नेलं होतं, आणि तेव्हा घरात मी एक होऊ घातलेली डॉक्टर होते. आजारी माणसाला घेऊन लोक तिकडेच धावतात जिकडे आधी कुणीतरी धावलेलं असतं. मी काकूंना म्हटलं, "तुम्ही धावपळ केलीत ना, तेच खरं." हे अर्धसत्य होतं, पण त्या बाईचा चेहरा बघून मला पूर्ण सत्य बोलवेना.

निघताना काकूंनी कडक भाकरी बांधून दिल्या. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. आमटीत किंवा दह्यात भिजवून खायच्या असतात, हे त्यांनी सांगितलं होतं, पण मी ते ऐकून सोडून दिलं. गाडीत भूक लागली म्हणून एक तशीच कडाकडा चावली आणि दाढेतलं सिमेंट बाहेर आलं. वसंतराव दारापर्यंत पोचवायला आले होते आणि "चला, पुढं चला" म्हणत हात हलवत होते, तेवढी एक गोड आठवण आणि एक रिकामी दाढ घेऊन मी पुढे गेले.

सोलापूर

सोलापुरात मी पहिला दवाखाना बघितला तो दातांचा. शबानाने नेलं. शबाना ही आमच्या अभ्यासाची इथली कार्यकर्ती. घरात दखनी बोलते, बाजारात तेलुगू, खेड्यात कानडी आणि माझ्याशी खास सोलापुरी मराठी. या मराठीत माणूस 'येतोय' नसतो, तो 'येलालाय' असतो. दाढेवर लेप घालून घेत मी आ वासून पडले होते आणि बाजूला शबाना फोनवर कुणाला तरी सांगत होती, "म्याडमचं दात दाखवलालोय, थोड्या वेळानं येलालोय." मला त्या अवस्थेतही हसू आलं आणि डॉक्टर माझ्यावर खेकसले.

संध्याकाळी आम्ही पूर्व भागातून चालत निघालो. दुकानांवर तेलुगू पाट्या, बोळांतून यंत्रमागांचा खडखडाट, दारांत बसून बायका विड्या वळत होत्या, आणि त्या आवाजातच त्यांच्या गप्पा चाललेल्या. इतक्या आवाजात मला स्वतःचा विचारही ऐकू येत नव्हता. शबाना म्हणाली, "माग बंद पडला की हितल्या माणसांना झोप लागत नाही म्याडम."

जेवताना मी तिला महानंदाचं सांगितलं. शबानाने चटणी भाकरीवर पसरली, तीवर दह्याचं बोट फिरवलं आणि म्हणाली, "'बघू की' म्हणाल्या ना? मग झालं. आमच्याकडं 'बघू की' म्हणजे नाही."

"मग सरळ 'नाही' का म्हणत नाही ती?"

"पाहुण्याला तोंडावर 'नाही' कोण म्हणतं?"

आमच्या मालवणात म्हणतात. कारणांसकट म्हणतात. मी तसं सांगितल्यावर शबानाला आमच्या लोकांची कीव आली. मग तिने बातमी दिली की उद्या येळवस आहे, वेळ अमावास्या. सगळी गावं शेतात जेवायला जाणार, घरी काळं कुत्रं सापडायचं नाही. मी म्हटलं, मग परवा जाऊ.

"उद्याच," शबाना म्हणाली. "परवा महानंदाबाई कामाला लागतील, तुम्हाला बघून मागच्या दारानं निघून जातील. येळवसीला दारात, म्हणजे शेतात, आलेल्या माणसाला कुणी जेवल्याबगर सोडत नाही. बसावंच लागतंय."

नकाराची कारणं आम्ही पुण्यात बसून ठरवून टाकलेली असतात: भीती, पैसा, अंतर. पैशाची सोय झाली होती, गाडी मी घेऊन आले होते. तेव्हा भीतीच असणार, असं धरून मी उद्याचं भाषण मनात तयार केलं.

अक्कलकोटच्या पुढे

हळहळायची माझी तयारी अक्कलकोट ओलांडताच फुकट गेली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, आणि तिच्यावर जिकडे नजर जाईल तिकडे उभी ज्वारी, कणसं नुकती भरत आलेली. मध्ये तुरीच्या ओळी, हरभऱ्याचे हिरवे पट्टे, कडेला काटेरी करडई. डोंगर नसल्यामुळे आभाळ थेट जमिनीला टेकलेलं. वारा आला की सगळी ज्वारी एका अंगाने झुकायची. समुद्राकाठच्या माणसाला असं मोकळं क्षितिज बघायची सवय असते आणि त्याविना करमतही नाही. मला पुण्यात इतकी वर्षं नेमकं काय खुपत होतं ते तिथे कळलं.

शिवारभर माणसं होती. बैलगाड्या, टमटम, मोटारसायकलवर तिघं-तिघं, डोक्यावर मडकी घेतलेल्या बायका. महानंदाच्या शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप केली होती. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडलेले, त्यांना पांडव म्हणतात. वर शाल पांघरलेली, पुढे शेवंतीची फुलं. मी बूट घालूनच खोपीपाशी गेले आणि चार बायका एकदम ओरडल्या. मी उडी मारून मागे सरले ती हरभऱ्यात. तेव्हा एका पुरुषाने येऊन मला हात धरून बांधावर आणलं. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात नवा सदरा. हा महानंदाचा नवरा, शिवानंद.

"या की म्याडम," तो म्हणाला. "बरं झालं आलाव. आता तुमीच सांगा तिला. माझं ऐकंना."

त्याला फुग्याचं सगळं नीट समजलं होतं. "आमच्या ठिबकच्या नळीला बी असाच फुगा येतोय," तो म्हणाला. "बघत बसलं की फुटतंय आनि सगळ्या रानात चिखल हुतोय. तवा आदीच चिमटा लावायचा. येवढंच की?" मेंदूची शस्त्रक्रिया मी इतक्या थोडक्यात कधी समजावू शकले नव्हते. फुग्याच्या मानेला खरोखरच एक बारीक चिमटा लावतात.

महानंदा खोपीमागे पानं मांडत होती. चाळिशीची, उंच, कपाळावर कुंकू आणि विभूती दोन्ही, आणि पाठीवर कमरेच्या खाली जाणारी जाड काळी वेणी. मला बघून तिने तोंड भरून हसून "ऊटा माडी" म्हटलं, म्हणजे कानडीत 'जेवा'. ऑपरेशनचं नाव काढायच्या आत माझ्यापुढे पान आलं.

काय जेवण होतं ते! तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या ताकात बेसन लावून शिजवलेली भज्जी. तिच्याबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे. गव्हाची खीर. आणि मडक्यातलं आंबील, ज्वारीचं पीठ आंबवून ताक घातलेलं, लसणाच्या वासाचं, आंबट, थंडगार. आमच्या सोलकढीची ही लांबची बहीण असावी. मी वाडग्यावर वाडगा रिचवला. आंबिलाने झोप येते हे मला कुणी सांगितलं नाही. शिवानंद मडकं घेऊन शेताच्या कडेने आंबील शिंपडत, आरोळ्या देत फिरायला गेला तेव्हा मी कडब्याला टेकून पेंगत होते. इतकं अंतर कापून आलेली डॉक्टरीण, डोक्यात तयार भाषण, आणि तोंड उघडं.

जाग आली ती बायकांच्या हसण्याने. पाच-सहा जणी भोवती बसून माझ्या डोक्याकडे बघत होत्या. माझे केस कॉलेजपासून कानाच्या वर कापलेले असतात. एक म्हातारी पुढे सरकली, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कळवळून विचारलं, "बाई, तुमचं बी डोस्क्याचं आपरेशन झालंया व्हय?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. महानंदा मात्र एकदम उठली आणि तुरीकडे चालू लागली. तिचा चेहरा मी बघितला होता. मघापासूनचं हसू तिच्या तोंडावरून कुणी पुसून काढावं तसा तो झाला होता. मी बूट हातात घेऊनच तिच्या मागे गेले.

ती तुरीच्या ओळीत उभी होती. मी भाषण सुरू केलं. घाबरू नका, सर फार अनुभवी आहेत, न फुटलेल्या फुग्याचं ऑपरेशन वेगळं आणि फुटलेल्याचं वेगळं, सुवर्णाताईंचं तसं झालं म्हणून तुमचं होईल असं नाही. ती ऐकत होती आणि तुरीची शेंग सोलत होती. माझा दम संपल्यावर तिने दाणे माझ्या हातावर ठेवले.

"म्याडम, मला मरायचं भ्या न्हाय," ती म्हणाली. "तसं बसायचं भ्या हाय."

मला कळलं नाही. तेव्हा तिने सांगितलं. त्यांच्यात मयताला झोपवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालून, विभूती लावून, नवं लुगडं नेसवून, सजवलेल्या आसनावर बसवून गावातून नेतात आणि बसलेलंच पुरतात. सवाष्ण असेल तर हिरवा चुडा, कुंकू, आणि वेणी घालून वेणीत फुलं. वेणी बहिणीने नाहीतर भावजयीने घालायची. गावातली प्रत्येक बाई येऊन त्या सवाष्णीच्या पाया पडते.

"ताईला दवाखान्यातनं आनलं. मी गजरे घिऊन बसले व्हते, आबोलीचे, तिला आवडायचे. कापड काढलं तर डोस्क्यावर एक क्यास न्हाय. सगळं भादरलेलं, आनि टाके. गजरा कुटं लावू? हातात धरून तशीच बसले. मग कुनीतरी पदर वढला डोस्क्यावरनं. पन बसवल्यावर वारं आलं आनि पदर सरला. आमच्या गल्लीतली एक म्हातारी, तिला कमी दिसतंय, ती मला विचारतीया, 'हा कोन बाप्या गेला गं?'"

ती रडली नाही. मला मात्र रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. सुवर्णाच्या त्या दवाखान्यात कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. डोक्यात रक्त साकळलेलं, जीव वाचवायची घाई, अशा वेळी केसांचा विचार कोण करतो? मी कधीच केला नव्हता. आणि ही बाई त्या दिवसापासून तो गजरा हातात धरूनच बसली होती. नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं, कारण त्याने म्हटलं असतं की केसांसाठी जीव देतेस का. तेच मी म्हटलं. डोळे पुसत मी म्हटलं, "अहो, केस काय, परत येतात."

"जगलं तर येत्यात," महानंदा म्हणाली.

तेव्हा एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती इतक्या उशिरा यावी याची चीड आली. तिच्या ऑपरेशनला सगळं डोकं भादरायची गरजच नव्हती. कपाळाच्या मागे बोटभर पट्टी पुरते. आमच्या वॉर्डात सगळं काढतात ते सोपं पडतं म्हणून आणि तशी रीत पडली म्हणून. मी तिला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे आणि मग माझ्या केसांकडे बघितलं. तिचा विश्वास बसला नाही.

फोनला रेंज नव्हती. आम्ही दोघी विहिरीच्या काठच्या मातीच्या ढिगावर चढलो, तिथे दोन काड्या आल्या. सरांना लावला आणि फोन स्पीकरवर टाकून दोघींच्या मध्ये धरला. सर म्हणाले, "पट्टी पुरते. बाकीच्या केसांची उजवीकडे घट्ट वेणी घालून आणा, मी तिला हात लावणार नाही."

महानंदाने फोन माझ्या हातातून घेतला. "आनि आत काय घाई झाली तर?"

मला वाटलं, आता सर गोड बोलतील. ते म्हणाले, "घाई झाली तर मी आधी तुमचा जीव बघणार. केस बघणार नाही. ते खोटं कशाला सांगू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. झालं, इतकं केलेलं पाण्यात. महानंदाने मात्र फोन तोंडाजवळ नेला. मग म्हणाली, "खरं बोलला तुमी," आणि फोन मला परत दिला.

ढिगावरून उतरता उतरता तिने मला अट घातली. पुण्याला ती येईल. पण वेणी मी घालायची, ऑपरेशनच्या आधी, स्वतः. आणि तिचं काही बरंवाईट झालं तर जे काही केस उरतील त्यांची वेणी मीच घालायची, गावाकडच्या बायकांच्या हाती देण्याआधी. फुलांसकट.

"मीच का?"

"घरचं मानूस रडत बसंल. तुमी दवाखान्यातल्या, तुमाला आत सोडतील."

"अहो, पण मला वेणी येत नाही!"

तिला ते खरं वाटेना. बाईमाणसाला वेणी येत नाही? केसाएवढ्या नळ्या नसेतून फिरवायच्या कशा यावर मी भाषणं देते, पण जन्मात कुणाची वेणी घातली नव्हती. माझ्या आईने ते सोडून दिलं होतं, कारण मी पळून जायचे.

"मग शिका की," महानंदा म्हणाली.

आणि मी शिकले. खोपीपुढे ती पाय पसरून बसली आणि मी तिच्या मागे. तिने वेणी सोडली तेव्हा ते केस जमिनीवर आले. बायकांनी आमच्याभोवती कोंडाळं केलं. कुणी म्हणे उजवा पेड वर घ्या, कुणी म्हणे आता डावा. म्हातारी माझ्या हातावर चापट्या मारत होती. माझ्याबरोबर आलेली शबाना कानडीतून काहीतरी बोलली आणि सगळ्या पोट धरून हसल्या. तिने मला आजतागायत त्याचा अर्थ सांगितलेला नाही. पहिली वेणी शेपटासारखी वाकडी झाली, दुसरी सुटली, तिसरीला जरा रूप आलं. विंचरताना माझी बोटं तिच्या डाव्या कानाच्या वर गेली आणि तिथेच थांबली. हाडाच्या आत, दोन-तीन बोटं खोल, तो फुगा नाडीबरोबर हलत होता. मी तो पडद्यावर कितीतरी वेळा बघितला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला घाबरले, आणि ती भीती माझी स्वतःची होती.

शिवानंद आंबील शिंपडून परत आला आणि हे दृश्य बघून जागीच उभा राहिला. "हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"पुन्याला जायाची तयारी," महानंदा म्हणाली.

पुणे

तिच्या ऑपरेशनच्या सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा ती आंघोळ करून, केस मोकळे सोडून तयार बसली होती. तोपर्यंत मी माझ्या शेजारणीच्या मुलीवर सराव केला होता, रिकाम्या वेळी खुर्चीला दोऱ्या बांधूनही केला होता. नर्सने कपाळामागची पट्टी काढली, बोटभर, आणि बाकीचे केस मी उजवीकडे घेऊन वेणी घातली. शिवानंद बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या हातातल्या पिशवीत अबोलीचे गजरे होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. कशासाठी आणलेत, हे त्याला तिने सांगितलं होतं.

मी आत होते. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तो फुगा दिसला, लालसर, भिंत इतकी पातळ की आतलं रक्त भोवऱ्यासारखं फिरताना दिसत होतं. चिमटा मानेवर बसेपर्यंत माझं लक्ष दोन ठिकाणी होतं, पडद्यावर आणि हिरव्या कापडाखालून बाहेर डोकावणाऱ्या वेणीच्या टोकावर. चिमटा बसला. घाई झाली नाही.

पण त्याने काम संपत नाही. तो फुगा ज्या नसेवर होता तिच्यावर उजवा हात चालतो आणि बोलणं चालतं. चिमटा केसभर जरी सरकला तरी दोन्ही जाऊ शकतात, आणि ते माणूस जागं झाल्याशिवाय कळत नाही. अतिदक्षता विभागात श्वासाची नळी काढल्यावर सर तिच्या खाटेपाशी उभे राहिले, मी पायाशी. शिवानंदला दाराच्या काचेशी उभं केलं होतं. तिने डोळे उघडले, ते आमच्यावरून फिरले आणि कुठेच थांबले नाहीत. मला तुरीच्या ओळीत उभी असलेली ती आठवली. सर वाकले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "महानंदाबाई, उजवा हात उचला."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात उठला होता. तो सरांसाठी उठला नव्हता. तो वर गेला, बँडेजवरून चाचपत उजव्या कानामागे आला, आणि तिथे त्याला वेणी सापडली. बोटं पेडापेडाने खाली उतरत टोकापर्यंत गेली. तिथे थांबली. मग तिने मान जराशी वळवून मला शोधून काढलं आणि कोरड्या, घोगऱ्या आवाजात, पण एकेक शब्द स्वच्छ, म्हणाली,

"लई सैल घातलाव की."